प्रभुभोजन महिन्यातून एकदा असावे की दर रविवारी?

आपण विचारले आहे की, आपल्या मंडळीत (चर्चच्या स्थानिक समुदायात) महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर व प्याला घेण्याचा विधी, होते, तरुण सभासद ते दर रविवारी व्हावे म्हणतात, वडीलधाऱ्यांना त्यामुळे गांभीर्य जाईल अशी भीती वाटते. तर पवित्र शास्त्राप्रमाणे, म्हणजे बायबलप्रमाणे, योग्य काय? मी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका मंडळीचा सभासद आहे, पाळक नाही. माझे मत दर रविवारच्या बाजूने आहे, मात्र त्याला एक अट आहे.

पवित्र शास्त्रात आकडा दिलेला नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात प्रेषित पौल ‘जितक्यांदा’ एवढेच म्हणतो. तरी प्रथेचा माग लागतो. प्रेषितांची कृत्ये 20:7 मध्ये त्रोवसचे शिष्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडण्यासाठी जमलेले दिसतात. पुढे इ.स. 155च्या सुमारास रोममध्ये लिहिणारा ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर रविवारच्या उपासनेत वाचन, उपदेश, प्रार्थना आणि त्यानंतर भाकर व प्याला असा क्रम सांगतो, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्याकडे पोहोचवीत, हेही नोंदवतो.

मग ही विरळ प्रथा आली कुठून? मध्ययुगात मिस्सा (प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना) होत राहिला, पण सामान्य भाविक तो बहुधा नुसता पाहत, भाकर स्वतः क्वचितच ग्रहण करीत. इतके की 1215च्या लॅटरन परिषदेला ‘वर्षातून निदान एकदा, ईस्टरला तरी घ्या’ असा नियम करावा लागला. सोळाव्या शतकात, प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात, सुधारक कॅल्व्हिनला दर आठवड्याला प्रभुभोजन हवे होते, पण जिनिव्हाच्या नगरपरिषदेने 1541 मध्ये वर्षातून चार वेळा ठरवले आणि त्याला ते मान्य करावे लागले. ज्या स्कॉटिश परंपरेतून मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 साली नागपुरात आले, तिथेही प्रभुभोजन मोजक्याच वेळा होई, पण त्याआधी उपवास आणि तयारीच्या उपासना असत. आपण अंतर ठेवले, ती तयारी मात्र बहुतेक ठिकाणी सोडून दिली, हे वडीलधाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे.

‘आपल्याकडे पूर्वीपासून असेच आहे’ हा युक्तिवाद तर नागपुरात फारच लंगडा पडतो. 29 नोव्हेंबर 1970 रोजी सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत डिसायपल्स ऑफ ख्राइस्टच्या परंपरेत प्रभुभोजन दर रविवारी होत असे, तर चर्च ऑफ द ब्रदरनमध्ये पाय धुण्याच्या विधीसह वर्षातून एकदा-दोनदा प्रीतिभोजन. या सगळ्यांतले ‘पूर्वीपासूनचे’ कोणते धरायचे?

आता गांभीर्याचा मुद्दा. उपदेश दर आठवड्याला ऐकून बोथट होतो, म्हणून तो महिन्यातून एकदाच ठेवा, असे कोणी म्हणत नाही. रोमन कॅथलिकांना पोप दहावे पायस यांनी 1905 मध्ये वारंवार, अगदी रोजसुद्धा ग्रहण करण्यास उत्तेजन दिले, तेव्हा ‘रोजचे म्हणजे हलके’ हे समीकरण काही सार्वत्रिक नाही. उलट महिन्यातून एकदाच ठेवण्याचा तोटा मी डोळ्यांनी पाहतो: पहिल्या रविवारी बाके भरतात, छोट्या पेल्यांचे एक तबक कमी पडते आणि कोणीतरी लगबगीने मागच्या खोलीत जाऊन दुसरे भरून आणते, दुसऱ्या रविवारी तीच बाके अर्धी रिकामी असतात. ज्याचा तो एक रविवार ड्युटीमुळे किंवा आजारपणामुळे हुकला, त्याला दोन महिने ताटकळावे लागते.

अट अशी की पौलाने त्याच अध्यायात सांगितलेली आत्मपरीक्षा टाळली जाऊ नये. करिंथमध्ये अडचण प्रभुभोजन किती वेळा व्हावे ही नव्हतीच. काही जण पोटभर खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, हे पौलाला खटकले. ज्या मंडळीत दोन घरे निवडणुकीच्या वादावरून वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे वारंवारता वाढवण्याआधी पाळकसाहेबांनी त्या घरांत जाऊन बसावे.

व्यवहाराची अडचणही खरी आहे. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा विधी रीतसर दीक्षा मिळालेला पाळकच चालवू शकतो, आणि एका पाळकाकडे अनेक मंडळ्या असल्या की दर रविवारचा हट्ट धरून उपयोग नसतो. आपल्याकडे पाळक कायम असतील, तर उपवासकाळातल्या (ईस्टरपूर्वीच्या तयारीच्या काळातल्या) रविवारांपुरते करून पाहण्याचा ठराव कमिटीपुढे मांडावा, आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी तो वाटा कोण नेणार, हेही त्याच ठरावात लिहून घ्यावे.