एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेल्या मुलाला रात्री वेळेवर झोप लागावी म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ८ वर्षांचा आहे, शाळा सकाळी ७ ची, ९ ला अंथरुणावर घालता पण साडेअकराशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही आणि घरचे म्हणतात लाडावून ठेवलंय. वाचून हसूच आलं मला, कारण दोन वर्षांपूर्वी आमच्या ठाण्याच्या वन बीएचकेत हेच चालू होतं, घरच्यांची वाक्यं पण सेम. मी डॉक्टर नाही, आई आहे, तेवढं धरून वाचा.

आमचं असं असायचं की ९ ला लाइट बंद, ९.१० ला पाणी, ९.२० ला शू, मग पाय भिंतीवर आणि डोकं पलंगाच्या कडेवरून खाली लटकवून, आई, मासे डोळे उघडे ठेवून कसे झोपतात? साडेदहापर्यंत मी गोड बोलायचे, अकराला धपाटा, मग तो रडून झोपायचा आणि मी रडत जागी.

डॉक्टरांनी पहिलं काम दिलं ते म्हणजे लिहून ठेवायचं, किती वाजता आडवा केला ते नाही, खरंच झोपला कधी ते. कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाखाली लिहायला लागले. आठवड्यात दिसलं की ११ ते ११.३० च्या आधी हा कधीच झोपत नाही, मी ९ ला आडवा करू दे नाहीतर १० ला. म्हणजे दोन अडीच तास आम्ही रोज नुसतं भांडत होतो, आणि त्याच्या डोक्यात पलंग म्हणजे भांडणाची जागा असं पक्कं बसलं होतं. एडीएचडीवाल्या बऱ्याच मुलांचं शरीराचं घड्याळच मागे पडलेलं असतं, अंधार पडल्यावर झोपेचं जे मेलाटोनिन नावाचं हार्मोन तयार होतं ते त्यांच्यात उशिरा वाढतं. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही, पण ते जाऊ दे.

मग आम्ही उलटं केलं. मे महिन्याच्या सुट्टीत त्याला मुद्दाम ११.१५ ला पलंगावर न्यायला लागलो, त्याआधी न्यायचंच नाही. आणि सकाळी साडेसहाला उठवायचं म्हणजे उठवायचं, रविवार असो नाहीतर मामाकडे असो, आणि दुपारची झोप नाही. उठल्यावर लगेच गॅलरीत उन्हात दूध. पडल्यावर पंधरा वीस मिनिटांत झोप लागतेय असं सलग तीन चार दिवस दिसलं की वेळ १५ मिनिटं अलीकडे आणायची, नाही लागली तर तिथेच थांबायचं. ऐकायला सोपं वाटतं, आम्हाला साडेनऊपर्यंत यायला पूर्ण सुट्टी आणि वर जूनचे दोन आठवडे लागले. झोपवणं आपल्या हातात नसतं हो, ठरलेल्या वेळेला उठवणं तेवढं असतं. पण शाळा चालू असताना हे करू नका, पोर पार कोमेजून जाईल, दिवाळीच्या सुट्टीची वाट बघा.

तोपर्यंत बाकीच्या गोष्टी तपासा, आमच्याकडे त्यातल्या तीन निघाल्या. एक, संध्याकाळी साडेपाचला आजीसोबत चहा-खारी. दुधाळ असला तरी चहा तो चहाच. दुसरी भूक. तो सकाळी एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेटची लाँग अॅक्टिंग, म्हणजे बराच वेळ असर राहणारी गोळी घेतो, तिने दुपारची भूक मरते, डबा तसाच परत यायचा, आणि रात्री गोळीचा असर उतरला की साहेबांना साडेनऊला कडकडून भूक, आणि मी त्याला नाटकं समजायचे! आता सात सव्वासातला पोटभर वरणभात किंवा थालीपीठ आणि झोपायच्या आधी एक केळं. रविवारी आम्ही आरामात १० ला गोळी द्यायचो आणि रात्री बाराला का जागा म्हणून ओरडायचो, तेही बंद केलं. तुमचा मुलगा गोळी घेत असेल तर वेळ आणि डोस डॉक्टरांशी बोला, स्वतःच्या मनाने बदलू नका.

तिसरी गोष्ट पाय. पाय सतत हलवायचा, "पायात मुंग्या चालतात" म्हणायचा, मी म्हणायचे गप पड. डॉक्टरांनी ऐकल्याबरोबर फेरिटिन करायला सांगितलं, ते कमी निघालं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा कमी, त्याने पायांची अशी चुळबुळ होऊ शकते. त्यांनी दिलेलं औषध सुरू झाल्यावर हळूहळू पाय शांत झाले. हे पण तपासणीशिवाय देऊ नका, लोह जास्त झालेलं वाईट असतं. आणि तुमचा घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का हे नक्की बघा, अॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेले असले की झोप मोडत राहते आणि दिवसा पोरगं अजूनच सैरभैर.

मेलाटोनिनच्या गमीचं विचारलंय तुम्ही. झोप लवकर लागायला मदत होते म्हणतात, आम्हाला ती द्यावी लागली नाही. ऑनलाइन मिळतात म्हणून मागवू नका, द्यायची की नाही आणि कधी, किती ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

पाणी-शूच्या फेऱ्यांसाठी एक युक्ती चालली. व्यापार खेळातल्या दोन नोटा रोज उशीखाली ठेवायच्या. पलंगावरून उठायचं किंवा मला हाक मारायची तर एक नोट द्यायची, दोन संपल्या की दुकान बंद. न वापरलेली नोट सकाळी जमा, पाच जमल्या की शनिवारी पाणीपुरी. पहिल्या रात्री दोन्ही नोटा सात मिनिटांत उडवल्या पठ्ठ्याने. तिसऱ्या आठवड्यात चुरगळलेली नोट मुठीत धरून झोपलेला सापडला.

टीव्हीचं सगळ्यात अवघड गेलं. मोबाइल साडेआठला कपाटात जातो, पण हॉलमध्ये आजीची मालिका चालू असेल तर मुलाला कोण अडवणार. शेवटी सासूबाईंना ब्लूटूथ हेडफोन आणले आणि टीव्हीचं तोंड फिरवलं, आता त्या म्हणतात आवाज आधीपेक्षा छान येतो.

शाळेचं म्हणाल तर २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग ९ किंवा त्यानंतर भरवा असं काढलंय, तुमचा मुलगा त्यात बसतो, पालकसभेत विचारून बघा. आमच्या शाळेने बसचं कारण सांगून जुनीच वेळ ठेवली, म्हणून आम्ही रात्री साडेनऊला पलंगावर जाण्यावर समाधान मानलंय, खरं तर या वयाला नऊ तास तरी झोप हवी.

गणपतीत परत अकरा झाले होते, जागेवर आणायला दहा दिवस गेले. काही विचारायचं असेल तर विचारा, रात्री पावणेदहानंतर मी मोकळीच असते आता.