ऋतूबरोबर येणारी आणि ऋतूबरोबर जाणारी ‘सर्दी’

प्रश्न : गेली चार वर्षे ठरावीक ऋतू आला की सकाळी उठल्याबरोबर मला शिंकांवर शिंका येतात, नाकातून पाणी गळते आणि डोळ्यांना व तोंडातल्या टाळूला असह्य खाज सुटते. अंगात ताप कधीच नसतो. दीड-दोन महिन्यांनी सारे आपोआप थांबते. घरच्यांच्या आग्रहामुळे मी लावलेली फुलझाडेही काढून टाकली, पण काही फरक पडला नाही. ही सर्दी आहे की अ‍ॅलर्जी?

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही परागकणांची अ‍ॅलर्जी दिसते. विषाणूमुळे होणारी सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरते आणि तीत अशी खाज सहसा नसते. फुलझाडे गेली याचे मात्र वाईट वाटले, कारण रंगीत, सुवासिक फुलांचे परागकण जड आणि चिकट असतात, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे पसरत नाहीत. त्रास देतात ती वाऱ्यावर परागकण सोडणारी गवते, तणे आणि काही वृक्ष, ज्यांच्या फुलांकडे आपले लक्षही जात नाही.

या विकाराला इंग्रजीतून आलेले ‘हे फीव्हर’ (hay fever, म्हणजे वाळलेल्या गवताचा ताप) हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण यात ताप नसतो. जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी 1819 मध्ये स्वतःच्याच त्रासाचे वर्णन प्रसिद्ध केले, तरी खरे कारण त्यांना सापडले नव्हते. चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून परागकणांचा दोष दाखवून दिला आणि 1873 मध्ये ते निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. शरीर निरुपद्रवी परागकणाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार करते, आणि पुढे तोच परागकण नाकात शिरला की तिथल्या पेशींतून हिस्टामीन हे रसायन बाहेर पडून शिंका, खाज आणि पाणी गळणे सुरू होते.

त्रास कधी सुरू होतो याची नोंद ठेवून, डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याआधी एक-दोन आठवडे औषध सुरू करणे फार उपयोगी पडते. बाहेरून आल्यावर तोंड धुवावे, कपडे बदलावेत आणि त्या दिवसांत धुतलेले कपडे घरातच वाळवावेत. छातीत घरघर होत असेल किंवा धाप लागत असेल, तर मात्र विलंब न करता तपासून घ्यावे, कारण या अ‍ॅलर्जीबरोबर दमाही असू शकतो.

प्रश्न : नाकात मारायच्या फवाऱ्याची सवय लागते, हे खरे आहे का?

उत्तर : दोन वेगळ्या औषधांची येथे गल्लत होते. चोंदलेले नाक काही मिनिटांत मोकळे करणारे थेंब चार-पाच दिवसांहून अधिक वापरले, तर नाक उलट जास्तच चोंदू लागते आणि थेंबांवाचून चालेनासे होते. अ‍ॅलर्जीसाठी दिला जाणारा स्टेरॉइडचा फवारा असा नाही. त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात, म्हणून तो रोज, ऋतू संपेपर्यंत घ्यावा लागतो, आणि तिसऱ्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून तो बाजूला ठेवणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते.