यकृतातलं गळू छातीत कसं गेलं?

तुम्ही विचारलंय: वडिलांच्या यकृतात गळू होतं, आता उजव्या छातीत पू झालाय म्हणतात, पोटातलं छातीत गेलंच कसं?

मी डॉक्टर नाही, पण चोपड्याकडच्या आमच्या काकांचं अगदी हेच झालं होतं. यकृत आणि उजवं फुफ्फुस यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पातळ पडदा असतो, बस्स. गळू बहुतेक वेळा यकृताच्या उजव्या भागात होतं. ते वाढत वर सरकलं की पडद्याला सूज येते, छातीत पाणी साठतं. पडदा फुटलाच तर पू सरळ छातीत उतरतो.

काकांचं दुखणं खांद्यापासून सुरू झालं. "खांदा दुखस," एवढंच म्हणायचे. केळीचे घड वाहणारा माणूस, कोणाला वेगळा संशय येणार? श्वासपटलाची आणि खांद्याची नस मानेत एकाच ठिकाणाहून निघते, म्हणून दुखणं तिथे जाणवतं, हे नंतर कळलं. पुढे ताप, खोकला. एक्स-रेत उजवीकडे पाणी दिसलं आणि टीबीच्या गोळ्या सुरू करायचं जवळपास ठरलंच होतं. एके सकाळी खोकल्यातून काकवीसारखा चॉकलेटी पू पडला. धुळ्याच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि आधी पोटाची सोनोग्राफी करायला लावली. अमिबाचं गळू निघालं. हा जंतू दूषित पाण्यातून आतड्यात जातो, तिथून रक्तावाटे यकृतात. असं गळू दारू पिणाऱ्या पुरुषांत जास्त दिसतं. (काका पीत, आता लपवून काय करू.)

मेट्रोनिडाझोल हे अमिबा मारणारं औषध दिलं, छातीत नळी टाकली. आतड्यात उरलेल्या जंतूंसाठी वेगळ्या गोळ्या होत्या. त्या बरं वाटल्यावर सोडून देऊ नका. काकांनी सोडल्या होत्या, काकूंनी रागावून पुन्हा घ्यायला लावल्या.

मूत्रपिंडाचंही असंच होऊ शकतं. खडा अडकून मूत्रपिंडाभोवती पू झाला तर तोही वर चढतो, डाव्या बाजूलासुद्धा. लघवीतला संसर्ग रक्तात शिरला तर पडदा न फाटताही फुफ्फुसाला धोका असतो. लघवीला जळजळ, कमरेत कळ असं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. छातीचा डॉक्टर लघवीचं विचारेलच असं नाही.

आणि बरं झाल्यावरही सोनोग्राफीत यकृतातली पोकळी बरेच महिने दिसते. आम्ही ती पाहून उगाच दोनदा धुळ्याला पळालो.