गावातल्या आम्हा पोरांना मिनी डाळ मिल टाकायची आहे, पैसा कुठून उभा करावा? (ता. औसा)

देणगीच्या मागे आधी लागू नका. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान आहे, वैयक्तिक उद्योगाला कमाल 10 लाख. स्वतःचे किमान 10 टक्के घालावे लागतात, बाकी बँकेचं कर्ज. घोळ इथंच होतो: अनुदान हातात पडत नाही, कर्जखात्यात जमा होतं. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटांना सदस्यामागं 40,000 पर्यंत बीजभांडवलही आहे. आईचा गट असेल तर विचारा.

आमच्या 10 टक्क्यांसाठी पुण्यात गेलेल्या गाववाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागितलं. नुसतं ‘मदत करा’ म्हटल्यावर अंगठे तेवढे आले. मग मशीनचं कोटेशन टाकलं, कुणी किती दिले ते मारुतीच्या पारावरल्या फळ्यावर खडूनं लिहून रोज फोटो टाकला. तेव्हा पैसे हलले. आणि हो, खातं दोघांच्या सहीचंच काढा.