परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या अपराध्यांवर लक्ष ठेवणारी) आहे, नाशिक जिल्ह्यात एकटीने गृहभेटींना जाताना मारहाणीची भीती वाटते. काय करावं?

ही भीती आधी वरिष्ठांना लेखी कळवा. ती दाबली की भेटी टळतात आणि अहवाल ऐकीव माहितीवर लिहिला जातो.

देखरेखीखालच्या माणसाची पहिली भेट कार्यालयातच घ्या. फाईलमध्ये गुन्ह्याच्या कलमापेक्षा दारू, घरातली भांडणं आणि आधीच्या धमक्या बघा. अंधारात जाऊ नका. तो सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामावर जाणारा असेल तर त्याच्या सुट्टीची सकाळ गाठा. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर रेंज जाते, म्हणून सहकाऱ्याला पत्ता आणि परतायची वेळ देऊन निघा. अर्धा तास उलटूनही फोन आला नाही तर कोणाला कळवायचं, हेही ठरवून ठेवा. गाडं नेमकं इथेच अडतं: वेळ सगळे सांगतात, पुढचं कोणी ठरवत नाही.

गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा, घरात दाराजवळ बसा. आवाज चढला, कोणी दार लोटलं, की बोलणं अर्धवट सोडून "पुढची तारीख कळवते" म्हणत उठा. प्रतिकूल अहवालाची गोष्ट त्याच्या बायकापोरांसमोर कधीच काढू नका. अपमान झाला की हात उठतो.

अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 15 नुसार तुम्ही लोकसेवक आहात; कर्तव्यावर असताना हल्ला झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं. धमकीचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवा. सुटताना लिहून दिलेल्या बंधपत्राची अट त्याने मोडली असेल तर परिवीक्षा अधिनियमाच्या कलम 9 खाली न्यायालयाला कळवा. तातडीला 112.