अडचणीतल्या कुटुंबाला उपकाराचं ओझं न देता मदत कशी करावी? ख्रिस्ती शिकवण याबद्दल काय सांगते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोकरीसाठी तुम्ही कोल्हापुरात आलात आणि इथल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जाऊ लागलात. तिथले एक गृहस्थ शिरोलीच्या फाउंड्रीत ठेकेदाराकडे कामाला होते. काम करताना पाठीला मार बसला, तेव्हापासून ते घरीच आहेत. त्यांची बायको चार घरची धुणीभांडी करते, दोन मुलं शाळेत आहेत. ते दारू पितात, म्हणून काही जण तुम्हाला म्हणतात की यांना मदत केली तर वाया जाईल. तुम्हाला मदत करायची आहे, पण आपण दाते आणि ते याचक असं काही होऊ नये, ही तुमची काळजी.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची सगळी वर्षं वॉर्डात गेली, आणि आता महिला मंडळाबरोबर घरभेटींना आणि दवाखान्यात समाचाराला जाते. या सगळ्यातून माझं एक ठाम मत झालं आहे. काय हवं, किती हवं, कुणासमोर हवं, हे अडलेल्या माणसानं ठरवायचं. आपण विचारायचं, आणि जे उत्तर येईल ते खरं धरून वागायचं. गोड बोलून, हात जोडून मदत केली पण ठरवलं सगळं आपणच, तर त्याला मी नम्र सेवा म्हणणार नाही.

यरीहोच्या वाटेवर बार्तीमय भीक मागत बसला होता. आंधळ्याला काय हवं असणार, हे लहान पोरही सांगेल. तरी प्रभू येशू थांबला, त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क, १०वा अध्याय). भोवतीचे लोक त्याला गप्प बस म्हणून दटावत होते. ज्याला सगळे गप्प करत होते, त्यालाच आधी बोलू दिलं. मी हा उतारा कितीदा वाचला असेल, पण त्याची खरी किंमत कळली ती महापुरात.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद, चिखली-आंबेवाडी पाण्यात, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं शाळा आणि मंगल कार्यालयांत येऊन पडलेली. राज्यभरातून मदतीचे टेम्पो आले. लोकांचं मन फार मोठं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण छावणीत जुन्या साड्यांचे ढीग लागत होते आणि बायकांना आतले कपडे, गाऊन, सॅनिटरी पॅड मिळत नव्हते, कारण पुरुषांच्या हाती याद्या होत्या आणि बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. एका छावणीत आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला काय आणून देऊ?" मावशी म्हणाल्या, "परात, तवा आणि शेगडी द्या. पीठ हाय. आयतं खाऊन जीव विटला." दुसऱ्या दिवशी त्या आणि त्यांच्या गल्लीतल्या बायका भाकरी थापायला बसल्या, आणि मदत घेऊन आलेल्या पोरांनाही त्यांनीच जेवायला वाढलं. पाणी ओसरल्यावर तर कपडे नि बिस्किटं कुणालाच नको होती. घरात गुडघाभर चिखल, कुजलेल्या धान्याचा वास. हवे होते फावडी, घमेली, ब्लिचिंग पावडर आणि चार तास राबणारे हात.

तर तुमच्या त्या घरी पहिल्यांदा जाताना धान्याचं किट घेऊन जाऊ नका. आधी भेटायला जा. मत्तयाच्या २५व्या अध्यायात प्रभू जी कामं सांगतो, ती एकदा नीट वाचा. भुकेल्याला खायला देणं, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र. पण आजारी माणसाला बरं केलंत असं तिथं म्हटलेलं नाही, समाचाराला आलात एवढंच म्हटलं आहे. तुरुंगातल्याला सोडवलंत असंही नाही, माझ्याकडे आलात एवढंच. वॉर्डात मला या ओळीचा फार आधार वाटायचा. पाठीचं दुखणं तुम्ही बरं करू शकणार नाही, त्यांच्याजवळ अर्धा तास बसू शकाल. कर्ता माणूस घरी पडला की त्याच्याशी त्याच्या कामाबद्दल बोलणंही लोक बंद करतात. तुम्ही बोला. भट्टी, साचे, कास्टिंग यातलं त्यांना जे कळतं ते तुम्हाला कळत नसणार. विचारा, शिकून घ्या.

आणि त्या घरात चहा आला तर घ्या. नको, कशाला त्रास, असं म्हणू नका. येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्या प्रसंगात (योहान, १३वा अध्याय) सगळे येशूच्या नम्रतेबद्दल बोलतात, पण अडून बसला होता तो त्याचा शिष्य पेत्र. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, म्हणाला. दुसऱ्याकडून घेताना माणसाला किती जड जातं, ते तिथं दिसतं. येशूनं त्याला स्पष्ट सांगितलं, मी तुला धुतलं नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. ज्याला कुणाकडून काही घेताच येत नाही, त्याच्या देण्यात मोठेपणा डोकावतोच.

आपल्या कोल्हापुरात तर हे समजवायला दूर जावं लागत नाही. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. शाहू महाराजांनी काय केलं? आपला खडखडा, म्हणजे घोडागाडी, त्या हॉटेलासमोर थांबवून गंगारामांच्या हातचा चहा प्याले, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. पैशाची मदत तर ते करतच होते. पण गिऱ्हाईक होऊन त्यांच्या दारात जाणं ही त्याहून मोठी गोष्ट होती, कारण तिथं देणारे गंगाराम होते आणि घेणारा छत्रपती. महाराज ख्रिस्ती नव्हते, हे मला माहीत आहे. तरी पेत्राला जे शिकायचं होतं ते मला या प्रसंगातून चांगलं कळतं.

रूथच्या पुस्तकातही हीच रीत आहे. शेताच्या कडेकोपऱ्याचं पीक कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, असं लेवीय १९मध्ये नियमशास्त्र सांगतं. रूथ ही परक्या देशातून आलेली गरीब विधवा. ती सरवा वेचायला आली तेव्हा शेतमालक बवाजानं त्याच्याही पुढं जाऊन गड्यांना सांगितलं की पेंढ्यांतली कणसं मुद्दाम पडू द्या आणि तिला रागावू नका. रूथनं स्वतःच्या हातानं वेचलं आणि स्वतःच्या कष्टाचं म्हणून घरी नेलं. तुमच्या मंडळीत हे असं करता येईल : प्रीतिभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या सामूहिक जेवणाच्या, भाकऱ्या-चपात्यांचं काम त्या घरच्या ताईंना द्या, बाजारात चालेल तो पूर्ण दर द्या, आणि तुमची अडचण आहे म्हणून देतोय, हे वाक्य तोंडातून काढू नका.

आता दारूचं. मदत वाया जाईल म्हणणाऱ्यांशी भांडू नका, पण त्यांचं ऐकूनही थांबू नका. त्या रात्री येशूनं ज्यांचे पाय धुतले त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. तो उठून बाहेर गेला ते नंतर. प्रभूनं आधी लायकी तपासली असती तर बारा शिष्यांपैकी किती उरले असते कोण जाणे. तरीही डोळे मिटून रोख रक्कम हातात देणं हे काही प्रेम नाही. शाळेची फी, औषधं, लाइट बिल यांतलं काय भरू, ते दोघांसमोर विचारा. नवऱ्याला वगळून बायकोशी गुपचूप व्यवहार केलात तर त्याचा त्रास तिलाच होण्याची शक्यता जास्त.

परिचारिका म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. ते रोज, बऱ्याच वर्षांपासून पीत असतील तर "आजपासून बंद करा, प्रार्थना करू" असं सांगून घरच्या घरी दारू सोडवू नका. एकदम बंद केल्यावर हात थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर, त्यांच्या देखरेखीखाली सोडवणं, आणि त्याच्या जोडीला प्रार्थना. त्यानंतर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या बैठका आहेत. तिथं फी नसते, नावगाव बाहेर जात नाही, आणि समोर बसलेला माणूस स्वतः त्यातून गेलेला असतो.

सगळ्यात मोठी मदत मला दिसते ती कागदांची, आणि ती फार कुणी करत नाही. मार कामावर असताना बसला, हे महत्त्वाचं आहे. ठेकेदाराकडचा कामगारसुद्धा ईएसआयमध्ये, म्हणजे राज्य कामगार विम्यात, बसतो, पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर. जुन्या पगारपत्रकावर ईएसआयची कपात (कामगाराची ०.७५ टक्के) दिसते का, विमा क्रमांक आहे का, ते बघा. साध्या आजारपणासाठी सरासरी मजुरीच्या ७० टक्के, वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मिळतात, आणि त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. पण कामावरच्या दुखापतीला ती अट नाही. त्यात तात्पुरत्या असमर्थतेसाठी ९० टक्के मिळतात. फक्त अपघाताची नोंद झालेली हवी, आणि नेमकी तीच पुष्कळदा झालेली नसते. ईएसआय नसेलच आणि शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का ते पाहावं लागेल. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात, त्यांना रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारायचं. हे सगळं तुम्ही एकट्यानं जाऊन उरकू नका. त्यांना बरोबर घ्या, अर्जावर त्यांची सही, खिडकीवर बोलायचं त्यांनी, तुम्ही शेजारी उभे. एकमेकांची ओझी वाहा म्हणणारा पौल तीनच वचनांनंतर म्हणतो की प्रत्येकानं आपला भार वाहिला पाहिजे (गलतीकरांस पत्र, ६वा अध्याय). जे त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं आहे तिथं खांदा द्या, जे त्यांचं आहे ते त्यांच्याकडंच राहू द्या.

तुम्ही असंही विचारलंय की नोकरी सांभाळून हे किती करायचं. येशूच्या दाखल्यातला चांगला शोमरोनी आठवा (लूक, १०वा अध्याय). वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला एक अनोळखी माणूस त्याला दिसला. त्यानं जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर काळजी घेतली. सकाळी दोन दीनार, म्हणजे साधारण दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या रखवालदाराला देऊन तो आपल्या वाटेला लागला. परत येईन तेव्हा जास्तीचा खर्च भरीन, एवढा शब्द देऊन गेला. आपलं काम त्यानं सोडलं नाही, आणि त्या माणसाला वाऱ्यावरही सोडलं नाही. तुम्ही आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवा आणि ती चुकवू नका. बाकीचं इतरांवर सोपवा. त्या शोमरोनी माणसानं जखमी माणसाचा धर्म विचारला नाही, बरा झाल्यावर तू काय करणार हेही विचारलं नाही. ख्रिस्ती सेवेकडं कुणी संशयानं पाहत असेल तर त्याला माझं उत्तर हेच असतं. विल्यम वॉनलेस यांचं मिरजेचं रुग्णालय १८९४ साली उभं राहिलं. तेव्हापासून आमच्या भागातल्या सगळ्या जातीधर्मांच्या लोकांनी तिथं उपचार घेतले. सेवेच्या बदल्यात श्रद्धा मागणं मला प्रभूच्या नावाला धरून वाटत नाही.

मंडळीच्या पातळीवर दोन गोष्टींची काळजी घ्या. प्रार्थनेचा विषय म्हणून त्या घरची दारू आणि कर्ज सगळ्यांसमोर मांडू नका. काय सांगायचं ते त्यांना विचारूनच सांगा. आणि किट देतानाचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. ती मुलं उद्या त्याच ग्रुपमधल्या मुलांबरोबर संडे स्कूलला बसणार आहेत.

पाळकसाहेबांशी बोलाल तेव्हा प्रेषितांची कृत्येचा ६वा अध्याय त्यांच्यासमोर ठेवा. यरुशलेमेत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या यहूदी, विधवांना रोजच्या वाटणीत डावललं जात होतं. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी सात जण निवडून घ्यायला सांगितलं, आणि त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्या गटाची उपेक्षा झाली, वाटप त्याच गटाच्या हातात गेलं असावं, असं त्यावरून दिसतं. तुमच्या मंडळीत मदतनिधीची समिती असेल तर तिच्यात धुणीभांडी करणारी एखादी ताई, फाउंड्रीतला एखादा कामगार आहे का? नसेल तर घ्यायला सांगा. मी आमच्याकडं हे लावून धरलं, आणि दोन बायका समितीत आल्यावर याद्या बदलल्या. शाळा उघडायच्या आधी वह्या आणि पावसाळ्यापूर्वी ताडपत्री, हे त्यांनी सुचवलं. ते आम्हाला सुचलं नव्हतं.

येत्या भेटीत विमा क्रमांक आणि अपघाताची तारीख एवढं मात्र विचारून घ्या, त्यांची तयारी असेल तर. ते हातात आलं की इथं लिहा, म्हणजे पुढं कुठले कागद लागतील ते सांगते.