तुमचे प्रश्न : फुटपाथवर कोण राहतं?

प्रश्न : पुलाखाली झोपणारे बहुतेक व्यसनी किंवा भिकारी असतात, असं सर्रास बोललं जातं. बेघर होण्याची पाळी खरं तर कुणावर जास्त येते? (एक वाचक, ठाणे)

2011च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात पावणेअठरा लाख माणसं निघाली आणि त्यात 7 लाखांवर स्त्रिया होत्या. महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांवर, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. मोजणी एकाच रात्रीची, त्यामुळे दुकानाच्या फळीवर किंवा हातगाडीवर आडवे झालेले कितीतरी जण सुटलेच असणार.

मुंबई-पुण्यातल्या फुटपाथवर एकट्यादुकट्या दारुड्यापेक्षा संसार जास्त दिसतात. नाक्यावर उभे राहणारे मजूर, हमाल, लग्नाच्या हॉलमधले वाढपी, कचरा वेचणाऱ्या बायका. काम आहे, पण खोलीसाठी एकरकमी डिपॉझिट नाही आणि भाडेकरारासाठी कागद नाहीत.

कागदांचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो फासेपारध्यांसारख्या जमातींना. इंग्रजांच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, 1952मध्ये तो कायदा गेला, संशय मात्र गेला नाही. गावात टिकू दिलं जात नाही म्हणून शहरात येऊन सिग्नलवर गजरे विकायचे. अनुसूचित जमातीचा दाखला काढायला जावं तर 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा हवा. ज्यांचे आजोबा पालं ठोकत फिरले, त्यांनी तो आणायचा कुठून?

दुसरा मोठा गट एकट्या बायकांचा : नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, मार खाऊन मुलांसकट घर सोडलेल्या. माहेरही दार उघडत नाही. आणि एक गट कुणी बेघरांत धरतच नाही. परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयाबाहेर झोपणारे पेशंट आणि नातेवाईक. गावी घर असतं, पण केमोचे महिने फुटपाथवर जातात.

मग बेघरांसाठीचे निवारे रिकामे का राहतात? नियमाने शहरात लाख लोकसंख्येमागे 100 जणांची सोय आणि माणशी 50 चौरस फूट जागा हवी. निवारे पुरेसे नाहीत हे खरंच, पण जे आहेत ते बहुतेक एकट्या पुरुषाचा विचार करून मांडलेले. बाप एका हॉलमध्ये, आई-मुलं दुसरीकडे, आणि भांडी, गाठोडं, स्टोव्ह ठेवायला जागाच नाही. वर निवारा कामाच्या नाक्यापासून दूर. कुटुंब तिथे जाणार नाही, ही आडमुठेपणाची गोष्ट नव्हे.

प्रश्न : आमच्या एसटी स्टँडवर एक बाई काही दिवसांपासून स्वतःशी बडबडत बसलेली असते. कुणाला कळवायचं? (एक वाचक, सातारा)

112 ला फोन करा किंवा थेट पोलिस ठाण्यात जा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 100 : अशी व्यक्ती स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर तिला संरक्षणात घेऊन 24 तासांत जवळच्या सरकारी रुग्णालयात नेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. कोठडीत ठेवता येत नाही. बेघर असेल तर हरवल्याची एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोधही त्यांनीच घ्यायचा.

अडतं ते इथे : पोलिस सांगतात, ‘गाडी नाही, महिला शिपाई नाही’. तोंडी सांगून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, डायरीतल्या नोंदीचा नंबर मागा. अर्जात ती कुठे बसते, कधीपासून, अंगावर जखम आहे का, आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत बोलते ते लिहा. घर सापडतं ते बहुधा भाषेवरून, तोंडून निघालेल्या एखाद्या गावाच्या नावावरून. तिचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवू नका. अशा लोकांना बरं करून घरी पोचवण्याचं काम कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था करते, तिचे डॉ. भरत वाटवानी यांना 2018चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्रश्न : पत्ताच नसेल तर मतदार यादीत नाव येतं का? (एक वाचक, नाशिक)

येतं. मतदार नोंदणीच्या फॉर्म 6 मध्ये झोपण्याची जागा लिहायची, उदाहरणार्थ अमुक पुलाखाली, अमुक खांबाजवळ. बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणारा अधिकारी) रात्री येऊन माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहतो, तेही एकाहून जास्त रात्री. खात्री पटली की रहिवासाचा वेगळा कागद लागत नाही. म्हणून अर्ज दिल्यावर लगेच जागा बदलू नये.